मंडळीचा वडील, सेवक, पाळक कसा असावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, निवडणुका जवळ आल्या, नवा पाळक येणार असला किंवा जुन्या पंचांवरून कुरबुर सुरू झाली, की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. कॅथलिक वाचकांसाठी एक प्रश्न वेगळा घेतला आहे. शास्त्रवचनांचे संदर्भ जागोजागी दिले आहेत, ते बायबल उघडून ताडून पाहावेत.

वडील, अध्यक्ष, पाळक, सेवक ही पदं वेगवेगळी आहेत की एकच?

नव्या करारात वडील आणि अध्यक्ष यांच्यात फारसा फरक दिसत नाही. प्रेषित पौलानं इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेतला बोलावून घेतलं आणि त्याच भाषणात त्यांना अध्यक्षही म्हटलं (प्रेषितांची कृत्ये २०:१७, २८). सेवक म्हणजे डीकन. त्यांची जबाबदारी वेगळी, पण कसोटी जवळपास तीच. बिशप हे स्वतंत्र, वरचं पद पुढच्या काळात घडत गेलं.

आपल्याकडे आज जी सरमिसळ दिसते तिला इतिहास आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरांच्या चर्चेस एकत्र आल्या. कुणाकडे बिशप होते, कुणाकडे वडिलांची सभा, कुणाकडे सगळा निर्णय मंडळीच्या मतावर. अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्यांत मंडळीच्या मताला वजन असायचं. अँग्लिकन घराण्यांना बिशपचा शब्द सवयीचा. म्हणून एकाच धर्मप्रांतात (एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) दोन गावांत 'वडील' या शब्दाचं वजन वेगळं असू शकतं. माणूस कसा हवा, या प्रश्नाला त्यानं फरक पडत नाही.

गुणांची यादी नेमकी कुठे दिली आहे?

१ तीमथ्य ३:१-१३ आणि तीत १:५-९ या मुख्य जागा. त्यांच्या जोडीला १ पेत्र ५:१-४ आणि सात जणांची निवड झाली तो प्रसंग (प्रेषितांची कृत्ये ६:१-६). आणखी मागे जायचं तर मोशेला त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं दिलेला सल्ला: कर्तबगार, देवाला भिणारी, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असणारी माणसं नेम (निर्गम १८:२१).

पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातली यादी एकदा सावकाश वाचा. नेमस्त, सभ्य, अतिथिप्रिय, सौम्य, न भांडणारा, पैशाचा लोभ न धरणारा, दारूच्या आहारी न गेलेला, घर नीट चालवणारा. शिकवता येणं ही एकच गोष्ट कौशल्यात मोडते. बाकी सगळं वागणं आहे. आणि हे वागणं व्यासपीठावरून दिसत नाही. ते जेवणाच्या पंगतीत, उधारीच्या वहीत, बायकोशी बोलण्याच्या सुरात, भाऊबंदकीच्या वाटणीत दिसतं. त्यामुळे उमेदवाराची पारख त्याच्याबरोबर रोज वावरणाऱ्या लोकांकडूनच होऊ शकते. आपल्या बहुतेक निवडणुकांत मात्र या लोकांना कुणी विचारतच नाही. रविवारी तासभर दिसणाऱ्या माणसाला रविवारी तासभर भेटणारी माणसं मत देतात. खाली पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक या एका तक्रारीतून निघालं आहे.

यादीतला 'अदूष्य' म्हणजे निष्पाप का? मग कुणीच पात्र ठरणार नाही.

निष्पाप नव्हे. चिकटून राहील असा आरोप ज्याच्यावर करता येत नाही, तो अदूष्य. संदेष्टा शमुवेल म्हातारपणी सगळ्या इस्राएलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाला फसवलं, कुणाच्या हातून लाच घेऊन डोळेझाक केली, ते माझ्या तोंडावर सांगा. मी भरून देतो (१ शमुवेल १२:३). लोकांनी कबूल केलं, काही घेतलं नाही. असं भर सभेत विचारायची तयारी असणं, ही चांगली कसोटी आहे. गंमत अशी, की याच शमुवेलाची मुलं न्यायाधीश झाल्यावर लाच खात होती, तेही त्याच पुस्तकात चार अध्याय आधी स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

मंडळीबाहेरच्या लोकांचं मत कशाला घ्यायचं? ते तर ख्रिस्ती नाहीत.

कारण वचन तसं सांगतं. अध्यक्षाची बाहेरच्या लोकांतही चांगली साक्ष असावी (१ तीमथ्य ३:७). शेजारचं हिंदू कुटुंब, कोपऱ्यावरचा मुसलमान दुकानदार, शाळेतले सहकारी, सोसायटीचा वॉचमन, घरकाम करणाऱ्या मावशी, या माणसांना तुमच्या मंडळीच्या राजकारणाशी काही देणंघेणं नसतं. त्यांची साक्ष म्हणूनच मोलाची. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार कोण महिनोन्‌महिने थकवतो, हे तिला माहीत असतं. पास्टोरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांना, नसतं.

पैशाबाबत किती काटेकोर असावं?

वाटतं त्यापेक्षा जास्त. निरोप घेताना पौल इफिसच्या वडिलांना म्हणतो, मी कुणाच्या सोन्यारुप्याचा किंवा कपड्यालत्त्याचा लोभ धरला नाही, माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा याच हातांनी भागवल्या (प्रेषितांची कृत्ये २०:३३-३४). पेत्रही वडिलांना नेमकं हेच बजावतो: सेवा नफ्यासाठी नको (१ पेत्र ५:२).

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती जागा मात्र क्वचित उपदेशात येते. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा झाली होती. पौलानं ती एकट्यानं नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ बरोबर घेतला, आणि कारण सांगितलं: एवढ्या रकमेबद्दल आमच्यावर कुणी ठपका ठेवू नये; देवाच्या दृष्टीनं तसं माणसांच्या दृष्टीनंही जे योग्य ते आम्ही करतो (२ करिंथ ८:१८-२१). प्रेषिताला आपल्या प्रामाणिकपणाची खात्री होती, तरी त्यानं साक्षीदार ठेवला. तेव्हा 'माझ्यावर विश्वास नाही का?' असं म्हणून हिशेब टाळणाऱ्या खजिनदारानं हा उतारा वाचावा.

जुन्या मंडळीनं हा विषय नियमांतही आणला. इ. स. ३२५ च्या निकीया परिषदेनं, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेनं, व्याजानं पैसे लावणाऱ्या सेवकांना पदावरून दूर करायचं ठरवलं. आजच्या भाषेत सांगायचं, तर वस्तीतल्याच गरजूंना शेकडा पाच-दहानं पैसे देणारा माणूस मंडळीचा वडील होऊ शकत नाही, तो दशांश (उत्पन्नातलं दान) कितीही देवो.

कायद्याची बाजूही आहे. महाराष्ट्रात ज्या मंडळ्यांचे न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहेत, त्यांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो: हिशेब ठेवणं, लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. मिशनच्या काळात शहराबाहेर म्हणून घेतलेली आवारं आज ऐन बाजारपेठेत आली आहेत. त्या जमिनींकडे पाहून पदावर येणारी माणसं सगळीकडे आहेत, हे उघड गुपित आहे. दानपेटी किमान दोघांनी मिळून उघडावी, तिथल्या तिथे मोजून वहीत सह्या कराव्यात, बँकेत दोन सह्यांचं खातं असावं, वर्षाचा जमाखर्च मंडळीसमोर वाचून भिंतीवर लावावा. यातली एकही गोष्ट नकोशी वाटणाऱ्या उमेदवाराला मत देऊ नका.

यादीतला 'एका स्त्रीचा पती' म्हणजे अविवाहित किंवा विधुर चालत नाही का?

चालतो. हे लिहिणारा पौल स्वतःच एकटा राहत होता. या शब्दांचा अर्थ काहींनी दोन बायका नसाव्यात असा लावला, काहींनी विधुरानं पुन्हा लग्न करू नये असा, आणि बहुतेकांनी पत्नीशी एकनिष्ठ असावा असा. घटस्फोटिताच्या बाबतीत प्रत्येक चर्चचे स्वतःचे नियम आहेत, ते आधी पाहून घ्यावेत. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. कागदोपत्री एकच लग्न झालेला, आणि घरात बायकोला मारणारा माणूस याच यादीतल्या दुसऱ्या कलमात अडकतो: मारका नसावा. घरगुती मामला म्हणून तिकडे काणाडोळा करायला यादीत जागा नाही.

मुलगा बिघडला तर बापाला वडीलपद सोडावं लागेल का?

हा सर्वांत दुखरा प्रश्न आहे आणि सरसकट उत्तर देणं क्रूरपणाचं होईल. वचन म्हणतं, ज्याला आपलं घर चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार (१ तीमथ्य ३:५). एली याजकाची गोष्ट इथे उपयोगी पडते. त्याची मुलं अर्पणावर हात मारत होती, स्त्रियांशी गैरवागणूक करत होती, आणि देवाचा ठपका एलीवर आला तो त्याला हे माहीत असून त्यानं आवरलं नाही म्हणून (१ शमुवेल ३:१३). म्हणजे पाहायचं ते बापानं काय केलं. पंचवीस वर्षांचा मुलगा व्यसनात गेला, बाप रात्री-अपरात्री त्याला शोधत फिरतो, उपचाराला नेतो, लपवत नाही. अशा माणसाला काढून टाकणारी मंडळी यादीची अक्षरं पाळते आणि माणूस गमावते. उलट, चर्चच्या शाळेत मुलाची वर्णी लावून घेणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. वास्तविक तिथे बोलायला हवं.

दारू अजिबात नको की बेताची चालेल?

यादीत मद्यपी नसावा असं आहे. थेंबही घेऊ नये असं लिहिलेलं नाही. आपल्या पुष्कळ मंडळ्या तरीही पूर्ण वर्ज्य मानतात. दारूनं ज्या वस्त्या पोखरल्या तिथे हा कडकपणा समजण्यासारखा आहे, आणि मी त्याच्या बाजूचा आहे.

एखादा अप्रतिम गातो, प्रार्थना ऐकून डोळे भरून येतात. एवढं पुरे नाही का?

नाही. ती देणगी आहे, तिचा वापर जरूर करावा. त्याला गायनमंडळात घ्या, भजनाला बसवा. पद देताना मात्र आवाजावर जाऊ नका. यिशैच्या मुलांतून राजा निवडायला गेला तेव्हा थोरल्या अलियाबाची उंची पाहून शमुवेलासारखा संदेष्टाही फसत होता (१ शमुवेल १६:७).

मग आध्यात्मिकता ओळखायची कशी? माणसाचं अंतःकरण कोण पाहणार?

अंतःकरण दिसत नाही, पण त्याच्या काही खुणा दिसतात. सात जण निवडले तेव्हा ते पवित्र आत्म्यानं आणि ज्ञानानं पूर्ण आहेत हे लोकांना दिसत होतं, म्हणूनच लोकांना निवड करता आली. आणि काम काय होतं? विधवांच्या रोजच्या वाटपातली तक्रार मिटवणं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते अशी ती कुरकुर होती. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांच्याच गटातली माणसं नेमली गेली. आध्यात्मिकतेचा असा व्यवहारी पुरावा दुसरा सापडणं कठीण.

चूक दाखवली की माणूस काय करतो ते पाहा. आजाऱ्याच्या घरी कुणी पाहत नसताना जातो का, ते पाहा. कमी दान देणाऱ्यांशी कसा बोलतो? त्याच्या घरी पाहुणा म्हणून कोण जेवतं? मोठी प्रार्थना करणं सोपं आहे. मतभेदानंतर पुढच्या रविवारी त्याच माणसाशेजारी बसणं अवघड.

नुकताच बाप्तिस्मा घेतलेला, पण हुशार आणि तळमळीचा माणूस?

थांबा. नवशिका नसावा, नाहीतर गर्वानं फुगेल, असं पौल सांगतो (१ तीमथ्य ३:६). निकीया परिषदेच्या दुसऱ्या नियमातही हेच आहे: आज बाप्तिस्मा, उद्या बिशप असं होऊ नये. या नियमाला इतिहासात एक प्रसिद्ध अपवाद आहे. इ. स. ३७४ मध्ये मिलान शहरात बिशपच्या निवडीवरून दंगल व्हायची वेळ आली, शांतता राखायला आलेला प्रांताधिकारी अँब्रोज लोकांनी उचलून धरला, तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. काही दिवसांत तो बिशप झाला, आणि उत्तम बिशप झाला. हे उदाहरण देऊन आपल्या जावयाचं घोडं पुढे दामटणारे सासरे सर्वत्र भेटतात. अँब्रोज पद नको म्हणून पळत होता, एवढं त्यांना सांगावं.

स्त्रियांना वडील किंवा पाळक होता येतं का?

चर्चनुसार उत्तर बदलतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि चर्च ऑफ साउथ इंडिया स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देतात. २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या, चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या स्त्री बिशप. काही मंडळ्या १ तीमथ्य २ चा आधार घेऊन नाही म्हणतात. नव्या करारातच फिबी ही किंख्रियातल्या मंडळीची सेविका म्हणून येते (रोमकरांस १६:१), आणि सेवकांच्या यादीच्या मधोमध स्त्रियांसाठीचं वाक्य आहे: गंभीर, चहाडखोर नसलेल्या, सर्व बाबतींत विश्वासू.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं, तर पंडिता रमाबाईंनी केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं, आणि गावोगाव फिरणाऱ्या बायबलबाईंनी जे पेरलं त्यावर कित्येक मंडळ्या उभ्या आहेत. त्यांच्या पात्रतेचा प्रश्न निदान या यादीवरून तरी उपस्थित करता येणार नाही.

आमच्याकडे निवड गाव, नातं आणि जात पाहून होते. त्यात वाईट काय?

पुष्कळच वाईट आहे. पक्षपातानं काही करू नको, असं तीमथ्याला देवासमोर बजावलं आहे (१ तीमथ्य ५:२१). सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि मळकट कपड्यांतल्याला पायाशी बसवणं, यावर याकोबानं कोरडे ओढले आहेत (याकोब २:१-४). अंत्युखियात तर साक्षात पेत्रानं पंक्तिभेद केला: यहूदी पाहुणे आले तसा तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, भावांच्या ताटावरून उठला. पौलानं त्याला सर्वांसमोर सुनावलं (गलती २:११-१४). बाप्तिस्मा घेऊन पिढ्या लोटल्या तरी सोयरिकीच्या वेळी जुनी जात विचारणारा माणूस पेत्राच्या त्याच चुकीत आहे, फक्त त्याला सुनावणारा पौल मंडळीत नाही.

पॅनेलचंही तेच. छापील पत्रकं, जेवणावळी आणि गाड्या भरून मतदार आणणं सुरू झालं, की सौम्य, अतिथिप्रिय माणूस आपणहून बाजूला होतो.

मला स्वतःला पद हवंसं वाटतं. हे पाप आहे का?

नाही. अध्यक्षाच्या कामाची इच्छा धरणारा चांगल्या कामाची इच्छा धरतो, असं यादीचं पहिलंच वाक्य आहे. फक्त काम हवं आहे की मान, हे तपासा. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक जण भेटतो, त्याला पहिलं स्थान आवडतं. तो आलेल्या भावांचं स्वागत करत नाही आणि करणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो. पदाशिवायही काम होतं. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, तो पदाच्या चौकटीत मावत नव्हता म्हणूनच.

पाळकाचं चारित्र्य वाईट निघालं तर त्यानं दिलेला बाप्तिस्मा, लावलेलं लग्न खोटं ठरतं का?

नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत नेमक्या याच प्रश्नावर मंडळी फुटली. छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांच्या हातची दीक्षा चालणार नाही, असं दोनातिस्त नावाच्या गटाचे लोक म्हणत. तिथल्याच बिशप ऑगस्टीननं उत्तर दिलं, की देणारा ख्रिस्त आहे, सेवक नव्हे. अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांतलं सव्विसावं कलम हेच सांगतं, आणि लगेच जोडतं, की तरीही वाईट सेवकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्यांना काढावं. लोक पहिला अर्धा भाग सांगतात आणि दुसरा गाळतात.

दोषी ठरलेल्यानं पश्चात्ताप केला तर पद परत द्यावं का?

क्षमा आणि पद या वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा मागणाऱ्याला ती द्यायचीच. पद हा हक्क नाही, त्यामुळे ते परत देणं बंधनकारक नाही. आपल्याला नाकारणाऱ्या पेत्राला प्रभूनं पुन्हा आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवली, हे खरं; पेत्रानं कुणा दुबळ्याचा गैरफायदा घेतला नव्हता, हेही खरं.

आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून दाखल करून घेऊ नये, असा नियम आहे (१ तीमथ्य ५:१९). तो वडिलांना निंदेपासून वाचवण्यासाठी आहे, गुन्हा दडपण्यासाठी नाही. लहान मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं ती माहिती असलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. आधी कमिटीची बैठक, मग समेट, मग पाळकाची बदली, हा मार्ग बेकायदा आहे आणि अधर्मही.

कॅथलिक चर्चमध्ये काय निकष आहेत?

तिथे निवडणूक नाही. वर्षानुवर्षं सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, पारख होते. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्मगुरू होण्यासाठी किमान २५ वर्षं वय हवं, डीकन आणि धर्मगुरू या दोन दीक्षांमध्ये किमान सहा महिन्यांचं अंतर हवं. विवाहित पुरुष कायमस्वरूपी डीकन होऊ शकतो, त्यासाठी वय किमान ३५ आणि पत्नीची संमती लागते. बिशपसाठीही ३५ वर्षं वय आणि धर्मगुरू म्हणून किमान पाच वर्षं हवीत. पत्नीची संमती घेण्याचा नियम प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही उसना घ्यायला हरकत नाही.

शिक्षण कमी असेल तर?

वाचता येणं आणि वचन समजावून सांगता येणं पुरे. पदवीचा उल्लेख यादीत नाही.

मुदत संपल्यावर काय करावं?

नव्या वडिलांना किल्ल्या, बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदवह्या, पासबुकं, जमिनीचे कागद आणि पावतीपुस्तकं यादी करून, सही घेऊन सोपवावीत, तीही पहिल्या आठवड्यात. पुढची काही वर्षं नव्या लोकांच्या कारभारात न विचारता सल्ले देऊ नयेत. मागच्या बाकावर बसावं, गाणी म्हणावीत, आणि कुणी आजारी पडलं तर जाऊन यावं, त्याला पद लागत नाही.